काचेचे अंग, लोखंडाचा कणा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचा मुलगा बारावी पास झाला, पुढे काय करायचे ते ठरत नाही, आणि तो रात्र रात्र मोबाइलवर एकच गोष्ट बघत असतो: विलायतेतली माणसे घरच्या गॅरेजमध्ये साठ वर्षांपूर्वीच्या फायबरच्या स्पोर्ट्स कार कशा पुन्हा उभ्या करतात. एवढ्यावर थांबले असते तर बाईंनी आम्हाला लिहिले नसते. पण आता मुलाने बंदरावर होड्या बनवणाऱ्यांकडून रेझिनचा डबा आणि हार्डनरची बाटली आणली आहे, आणि मामूंच्या जुन्या होडीचे फुटके तुकडे गच्चीवर बसून तो जोडून बघतो. घरभर वास सुटतो, धाकट्या मुलीचे डोळे चुरचुरतात. "सर, हे नुसतं खूळ आहे की यात काही हुनर आहे? आणि हे केमिकल घरात ठेवणं बरं का?" असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर अंक छापून होईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून ते आम्ही फोनवरच कळवले. धाकटीला गच्चीवर जाऊ देऊ नका, आणि हार्डनरची बाटली स्वयंपाकघराच्या आसपास एक रात्रही ठेवू नका. कारणे पुढे येतील.

पहिल्या प्रश्नासाठी आम्ही मुलालाच विचारले की बाबा, तू सगळ्यात जास्त बघतोस ती गाडी कोणती? उत्तर आले, लोटस एलान. आम्ही भाषा शिकवणारे मास्तर, आमचा पाना-पक्कडशी संबंध सायकलच्या चेनपुरता. तरी महिनाभर या गाडीबद्दल मिळेल ते वाचले, आणि आमच्या गावात डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका बुजुर्ग उस्तादांपुढे बसून शंका विचारल्या. वाचले ते विलायतेतले, ऐकले ते इथले, आणि दोन्हींत फारसा फरक निघाला नाही.

आधी फायबरबद्दल. कोकणातल्या वाचकांना ते समजावून सांगायची गरज नाही. बंदरात लाकडी होड्यांच्या जोडीला आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. घाटावरच्यांसाठी सांगतो. काचेचे केसासारखे बारीक धागे काढतात, त्यांची चटई करतात, ती साच्यात अंथरतात आणि तिच्यावर पातळ रेझिन चोपडतात. रेझिनमध्ये थोडे हार्डनर मिसळले की ते घट्ट होते. स्लॅबमध्ये सळई आणि काँक्रीट जसे एकमेकांना धरून असतात, तसेच इथे धागा आणि रेझिन. धाग्याने ताण सोसायचा, रेझिनने त्याला जागेवर ठेवायचे. धाग्याशिवायचे रेझिन काचेच्या बशीसारखे तडकते, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मोटारींत हे कशाला आले? पैशामुळे. लोखंडी पत्रा दाबून बोनेट-दरवाजे काढायचे तर प्रचंड प्रेस आणि महागडे डाय लागतात. हजारो गाड्या विकल्या तरच तो खर्च निघतो. फायबरला साचा पुरतो, आणि हात. अमेरिकेत जनरल मोटर्ससारख्या बड्या कंपनीनेसुद्धा १९५३ साली शेव्हरोले कॉर्व्हेट काढली ती फायबरच्या अंगाची. पहिल्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या झाल्या, बहुतेक काम हाताने, आणि सगळ्या पांढऱ्या रंगाच्या. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांची लोटस कंपनी तर अगदीच छोटी. त्यांनी १९५७ साली एलीट नावाची गाडी दाखवली, तिला वेगळी चासीच नव्हती. जवळजवळ सगळा सांगाडाच फायबरचा. दिसायला देखणी, पण कंपनीला परवडली नाही. मग १९६२ मध्ये आली एलान. दोन सीटची, उघड्या टपाची, वजन सुमारे ६५० ते ७०० किलो. म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० च्या आसपास. इंजिनाचा खालचा भाग फोर्डचा, वरचे डोके लोटसने स्वतः करून घेतलेले, दोन कॅमशाफ्टचे, ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या थोडी वर. मारुती ८०० चालवलेल्यांनी तिच्यात तिप्पट ताकदीचे इंजिन कल्पून बघावे. दोन सीटची एलान १९७३ पर्यंत निघाली. पुढे १९८९ साली जपानच्या माझदाने छोटी उघडी स्पोर्ट्स कार काढली, तेव्हा तिच्यामागे एलानचीच प्रेरणा होती.

या गाडीची आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. ती पुष्कळ वेळा घरीच जुळवलेली असे. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांच्या संचावर मात्र तो लागत नसे. म्हणून कंपनी ग्राहकाला रंगवलेले अंग, इंजिन, चाके असे सगळे देई आणि शेवटची जुळवाजुळव ग्राहक आपल्या अंगणात करी. जोडणीचे पुस्तक सोबत देण्याची परवानगी नव्हती, म्हणून सुटी करण्याचे पुस्तक दिले आणि "उलटं वाचा" म्हटले, असा किस्सा तिकडचे लोक हसत हसत सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, १ एप्रिल १९७३ पासून तिथे खरेदी-कर जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. तेव्हा आज जो म्हातारा ही गाडी आपल्या गॅरेजमध्ये खोलून बसतो, तो काही जगावेगळे करत नाही. कारखान्याने अर्धे काम मुळातच घरांवर सोपवले होते.

आपल्या देशातही फायबरच्या अंगाची मोटार होऊन गेली. बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ च्या सुमारास डॉल्फिन काढली, ती मुळात ब्रिटनच्या रिलायंट किटनची बहीण. १९८३ च्या अखेरीस मारुती आली आणि डॉल्फिनकडे फारसे कोणी बघेना. "प्लास्टिकची गाडी" म्हणून लोक नाक मुरडत. हे नाक मुरडणे अडाणीपणाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. फायबर ठोकून सरळ करता येत नाही, आणि आपल्या गल्लीबोळातल्या गॅरेजवाल्याला ठोकून सरळ करणेच तेव्हा येत होते.

आता मुख्य गोष्ट. काचेला गंज येत नाही. म्हणून साठ वर्षांची एलान उन्हात उभी केली तर ती वरून नव्यासारखी दिसू शकते. पण त्या सुंदर अंगाखाली लोखंडाचा एक कणा आहे. पत्रा घडी घालून, वेल्डिंग करून केलेली मधोमध एक लांब पेटी, तिला पुढे दोन आणि मागे दोन फांद्या. पुढच्या दोन फांद्यांमध्ये इंजिन, मागच्यांमध्ये डिफरन्शियल, आणि चारही चाके याच कण्याला लटकलेली. हा पत्रा पातळ आहे. नुसती चासी दोन माणसे सहज उचलतात. वरचे अंग फायबरचे असल्यामुळे खाली काय चालले आहे ते कधी फुगून, पोपडे येऊन बाहेर दिसत नाही. लोखंडी गाडी गंजली की आधी दरवाजा सांगतो, मडगार्ड सांगतो. एलान काहीच सांगत नाही.

म्हणजे एका जागी सांगते, बघणाऱ्याला डोळे असतील तर. तिचे हेडलाइट बोनेटमध्ये झोपलेले असतात, बटण ओढले की वर उठतात. ते उचलायला मोटर नाही. इंजिन हवा ओढून घेते, त्यातून जो निर्वात तयार होतो त्याच्या जोरावर दिवे उठतात. हा निर्वात साठवायला वेगळी टाकी ठेवण्याऐवजी लोटसच्या हुशार इंजिनियरांनी चासीचा पुढचा आडवा भागच बंद पेटीसारखा करून वापरला. वजन वाचले, पैसा वाचला. पण त्या पेटीत आतून दमट हवा शिरते आणि आत रंगाचा ब्रश पोचत नाही. वर्षानुवर्षे ती आतून खात जाते. एक दिवस टाचणीएवढे भोक पडते, निर्वात टिकत नाही, आणि गाडी चालू असताना दिवे हळूहळू खाली बसायला लागतात. मालक म्हणतो, नळी सैल झाली असेल. नळी बदलतो. पुन्हा बसतात. त्याच पेटीच्या दोन टोकांना पुढच्या चाकांचे खांब उभे आहेत. त्या खांबांत साचलेले पाणी जायला बारीक भोके ठेवलेली असतात, ती चिखलाने बुजतात, आणि मग पाणी तिथेच मुरते. दिवे बसणे ही गैरसोय आहे. खांब सुटणे हा अपघात आहे. दोन्हींचे मूळ एकाच वीतभर जागेत.

उस्तादांना आम्ही हे वाचून दाखवले तेव्हा ते लगेच म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे गाडी येते ती रंगासाठीच येते. गिऱ्हाईक म्हणतं, चाचा, चमकवून द्या. मी आधी खाली झोपून बघतो. खाली बघू देत नाही ते गिऱ्हाईक मी घेत नाही." तिकडच्या जाणत्यांचाही पहिला सल्ला हाच आहे. जुनी एलान विकत घ्यायला गेलात तर रंगाकडे पाठ करा, चटईवर आडवे व्हा आणि बॅटरी घेऊन कणा बघा. गंमत म्हणजे जिथे इंजिनाचे तेल वर्षानुवर्षे गळून पसरलेले असते, तिथले लोखंड ठणठणीत निघते. गळक्या इंजिनाचा असा एक उपकार.

म्हणून घरी काम काढणाऱ्याने क्रम पाळायचा असतो: कणा, मग अंग, मग तारा, आणि रंग अगदी शेवटी. बहुतेक अर्धवट राहिलेल्या गाड्यांची गोष्ट याच्या उलट असते. माणूस हौसेने रंग खरवडायला बसतो, कारण ते दिसते, शेजारी येऊन बघतात. दोन वर्षांनी कळते की खालचा कणा गेला आहे आणि आता रंगवलेले अंग पुन्हा उचलावे लागणार. मग ताडपत्री टाकली जाते. ती ताडपत्री मग दहा वर्षे उघडत नाही.

अंग उचलणे ऐकायला भयंकर वाटते, प्रत्यक्षात ते या कामातले सगळ्यात सोपे निघते. सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, तारा हे सगळे सुटे करायचे आणि कण्याला धरून ठेवणारे बोल्ट काढायचे. सुट्या प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो, प्रत्येक बोल्टला पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. (आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ही शिस्त आली तर किती बरे होईल, पण तो विषय निराळा.) मग पाच-सहा जण चारी बाजूंनी धरतात आणि अंग वर येते. अडतात ते गंजलेले बोल्ट. अंगाच्या फायबरमध्ये ठिकठिकाणी धातूच्या रिळासारख्या बॉबिन बसवलेल्या असतात, बोल्ट त्यांतून जातात. बोल्ट आणि बॉबिन एकमेकांत गंजून एक झाले की लोक जोर लावतात, आणि बॉबिन आजूबाजूच्या फायबरसकट फिरते. लोखंडी गाडीवर आपण सरळ गॅसची ज्योत मारतो. इथे ज्योत मारली तर रेझिन जळते. तेव्हा गंज सोडवणारे तेल रोज थोडे थोडे, आठवडाभर. सब्र हा शब्द आपण फार मोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवतो, पण त्याचा खरा सराव अशा बोल्टांवर होतो.

कणा फारच खाल्ला असेल तर बदलतात. पुढे लोटसने जस्त चढवलेल्या बदली चासी विकल्या, त्यामुळे हा मार्ग आता सरधोपट झाला आहे. नव्या कण्यावर जुने अंग बसवताना कुठेतरी फट राहतेच. ती बोल्ट आवळून मिटवायची नसते, वॉशर घालून भरायची असते. आवळून मिटवली तर अंग कायम ताणलेले राहते आणि नव्या रंगाला सहा महिन्यांत तडे जातात.

इथे कोणी विचारील, कणा नवा, रंग नवा, तर गाडी जुनी कशी? ब्रिटनमध्ये मूळ मापाची नवी चासी घातली तर गाडीचा जुना नंबर टिकवता येतो, पण ती कोठून आली याचे कागद जपून ठेवलेले बरे. म्हणून शहाणा माणूस पहिल्या दिवसापासून पावत्या आणि फोटो एका फायलीत लावत जातो. पुढे गाडी विकताना घेणारा रंगाच्या आधी ती फाइल मागतो. आम्हाला हा रिवाज आवडला. काय जुने, काय नवे, कोणी केले, कधी केले, हे सांगून विकलेल्या वस्तूत फसवणूक उरत नाही.

आता अंगाचे काम, ज्यात आमच्या पत्रलेखिकेचा मुलगा गुंतला आहे. फायबरला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. ते वरच्या जेलकोटमध्येच आहेत की आतल्या काचेपर्यंत गेले आहेत, हे घासून पाहिल्याशिवाय कळत नाही. घाईचा माणूस त्यावर पुट्टी फासतो. पुट्टीत काचेचा धागा नसतो. सुरुवातीला सांगितलेली बशी आठवा. वर्षभरात तडा त्याच जागी वर येतो. नीट करायचे तर तडा घासून काढायचा, पक्का थर लागेपर्यंत, आणि कडा उतरत्या करत रुंद करायच्या, म्हणजे नव्या चटईला जुन्या फायबरवर ऐसपैस बसायला जागा मिळते. जमले तर आतल्या बाजूनेही एक-दोन थर द्यायचे. चटई फाडून घ्यायची, कात्रीने सरळ कापायची नाही. फाटलेल्या कडेचे धागे विरत जातात आणि जोड दिसत नाही. ब्रशने रेझिन टोचत टोचत मुरवायचे, आतली हवा छोट्या रोलरने दाबून काढायची. हवेचा बुडबुडा राहिला की तो उन्हात फुगतो.

जुना रंग काढायला आपल्याकडे लोक बाजारातले रिमूव्हर ओततात. लोखंडावर चालते. फायबरवर ते रेझिनमध्येही शिरते आणि अंग मऊ करून ठेवते. हाताने, पॉलिश पेपरने, नाहीतर धारदार पात्याने खरवडणे हाच खात्रीचा मार्ग, आणि त्याला आठवडे लागतात. उघडे झालेले फायबर मग कोरड्या जागी आरामात सुकू द्यायचे. आत ओल राहिली आणि वरून रंग बसला, तर रंगावर बारीक फोड येतात, घामोळ्यासारखे.

आता त्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उरलेले उत्तर, आणि हे कृपया मुलाला मोठ्याने वाचून दाखवा.

घरात सुटतो तो वास रेझिनमधल्या स्टायरीनचा. त्याने डोके धरते, डोळे जळतात, आणि साधा कापडी मास्क किंवा धुळीचा एन-९५ मास्क त्याला अजिबात अडवत नाही. त्यासाठी वाफ शोषणारी डबी लावलेला मास्क मिळतो, तो घ्यावा आणि काम उघड्यावर करावे. रेझिनची वाफ पेट घेते, म्हणून जवळपास विडी-काडी, स्टोव्ह, ठिणगी नको. फायबर घासताना उडते ती काचेची धूळ. ती अंगाला खाजवते हे सगळ्यांना माहीत असते, छातीत जाते हे लोक विसरतात. पाणी लावून घासले तर धूळ कमी उडते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत, विशेषतः लहान मुलांच्या.

सगळ्यात जपायचे ते हार्डनर. त्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडायचे नाही; तरीही उडालेच तर पंधरा मिनिटे तरी वाहत्या पाण्याने डोळा धुवत राहायचे आणि तसेच डॉक्टरांकडे जायचे. बंदरावर बऱ्याचदा रेझिनमध्ये आधी जांभळट कोबाल्ट टाकतात आणि मग हार्डनर. ही दोन एकमेकांत थेट मिसळायची नाहीत, कधीच नाहीत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. त्यांच्या बाटल्या शेजारी शेजारीसुद्धा ठेवू नयेत. आणि हार्डनर कधी थंड पेयाच्या बाटलीत भरून आणू नये. आपल्या घरांत फ्रीजमधल्या बाटलीवर कोणाचे नाव लिहिलेले नसते.

प्रमाण साधारण शंभराला एक ते दोन. अर्धा किलो रेझिनला पाच ते दहा ग्रॅम. आम्ही वर्गात शेकडेवारी शिकवतो तेव्हा पोरे जांभया देतात; इथे एका ग्रॅमने काम फसते, त्यामुळे वजनकाटा आपोआप हातात येतो. उकाड्यात प्रमाण कमी, थंडीत जास्त, आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढेच कालवायचे. डब्यात उरलेले रेझिन घट्ट होताना तापते, धूर सोडते, कधी पेटतेही. उरलेले उथळ पसरून उघड्यावर ठेवावे, कचऱ्याच्या टोपलीत नको.

तर बाई, हे खूळ नाही. फायबर लावायला माप लागते, हवामान कळावे लागते, हात स्थिर लागतो, आणि ज्याला हे येते त्याला बंदरावर, कारखान्यात, मोटारीच्या गॅरेजमध्ये काम आहे. पण मोबाइलवर बघून ते शिकण्यात एक उणीव आहे. पडद्यावर वास येत नाही आणि चुकलेला थर कापून टाकलेला असतो. मुलाला होड्या बनवणाऱ्या एखाद्या उस्तादाच्या हाताखाली सहा महिने राहू द्या, झाडू मारायला लागला तरी चालेल. सोबत आयटीआयला मोटार मेकॅनिकचा किंवा पेंटरचा अर्ज भरायला सांगा. कागद आणि हात दोन्ही लागतात. गच्ची मात्र बंद करा.

जाता जाता एलानची आखणी करणाऱ्या रॉन हिकमन यांच्याबद्दल. हे गृहस्थ दक्षिण आफ्रिकेतून इंग्लंडात आलेले. घरी कपाट बनवताना फळी कापायला टेबल नव्हते म्हणून चांगल्या खुर्चीवर ठेवून कापली, आणि करवत फळीबरोबर खुर्चीतूनही गेली. त्यातून त्यांना घडी घालून ठेवता येईल असा, फळी चिमटीत पकडणारा कामाचा ओटा सुचला. बऱ्याच कंपन्यांनी नाही म्हटले. शेवटी १९७२ पासून ब्लॅक अँड डेकरने तो वर्कमेट नावाने बनवायला घेतला आणि जगभर तो कोट्यवधींनी खपला. आज एलान दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही विलायती गॅरेजमध्ये तो कोपऱ्यात उभा असतो. गाडी आणि गाडी दुरुस्त करायचा ओटा, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून.

आता तारा. लोखंडी गाडीत दिव्याला एकच तार लागते, परतीचा रस्ता गाडीचे अंगच असते. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून एलानमध्ये प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, वायपरला अर्थिंगची वेगळी तार. जुन्या गाडीत दिवा मिणमिणला की लोक बल्ब बदलतात, बॅटरी बदलतात. बहुधा अर्थिंगच्या टोकाला हिरवा कीट चढलेला असतो. पॉलिश पेपरने टोके घासली की अर्धे आजार जातात. या कामाला खर्च जवळजवळ नाही.

इंजिनाचे सगळे सांगत बसलो तर पान पुरणार नाही. दोनच गोष्टी. या इंजिनाचा पाण्याचा पंप पुढच्या झाकणातच बसवलेला आहे, बिघडला तर तेवढ्यासाठी इंजिनाचे डोके उतरवावे लागते. म्हणून पट्टा कधी जास्त ताणू नये, ताणला की पंपाचे बेअरिंग जाते. आणि मागच्या चाकांना ताकद पोचते ती जाड रबरी चकत्यांमधून. रबर जुने होऊन तडकले की चकती जोरात सुटते आणि आजूबाजूचे तोडते, तेव्हा त्या नव्याच घ्याव्यात. नव्या चकत्यांवरही क्लच धसकन सोडला तर गाडी हिसके खात निघते. पाय हलका ठेवायला ती स्वतःच शिकवते.

रंग शेवटी, हे सांगितलेच. आणि तो बहुतेक जाणते लोक घरी मारत नाहीत. दोन डब्यांचा आजचा मोटारीचा रंग फवारताना जे हवेत सुटते त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, एकदा त्याचा दमा जडला तर तो माणूस पुन्हा त्या रंगाजवळ उभा राहू शकत नाही. आमच्या उस्तादांनी चाळीस वर्षे रुमाल बांधून रंग मारला. आता ते जिना चढताना दोनदा थांबतात. त्यांच्या दुकानातल्या पोराला त्यांनी गेल्या वर्षी चांगला मास्क घेऊन दिला आहे, आणि तो काढला तर ओरडतात.

गाडी पूर्ण झाल्यावर तिकडचे लोक एक साधी तपासणी करतात, ती अशी. सुरुवातीच्या वर्षांची एलान घ्यायची, ज्यात दिवे निर्वाताच्या जोरावर वर उठतात. इंजिन चालू करायचे, बटण ओढायचे, दोन्ही हेडलाइट वर आले की इंजिन बंद करायचे आणि समोर खुर्ची टाकून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत दिवे उभे राहिले तर पुढची पेटी हवाबंद आहे. एखादा डोळा मिटायला लागला तर कप खाली ठेवायचा आणि पुन्हा चटई अंथरायची.